कोवळ्या वयातील घोडे: शर्यत, वरात आणि बाजार यांचा आढावा

मुंबईत घोड्याशी संबंधित दोन जुन्या संस्था एकमेकींपासून थोड्याच अंतरावर आहेत. महालक्ष्मीचे शर्यतीचे मैदान १८८३ साली तयार झाले, आणि त्याच वर्षी परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय स्थापन झाले. त्या रुग्णालयाला लागूनच १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय उघडले. घोड्याच्या वेगावर पैसा लावणारे शहर आणि लंगडणाऱ्या घोड्यावर उपचार करणारे शहर अशी मुंबईची दुहेरी ओळख तेव्हापासून चालत आली आहे. या सव्वाशेहून अधिक वर्षांत घोड्याच्या हालअपेष्टांविषयी या शहरात पुष्कळ लिहिले गेले, खटले झाले, कायदेही झाले; परंतु त्या सगळ्या चर्चेत एक प्रश्न सतत बाजूला राहिला, तो असा की घोड्याला कामाला जुंपताना किंवा विकताना त्याचे वय काय असते, आणि ते वय कोठे तरी लिहिलेले असते काय. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा आढावा शरीरशास्त्र, शर्यतीचा व्यवसाय, जत्रेतील बाजार आणि कायदा या चार अंगांनी घेतला आहे.

घोडा नीट सांभाळला तर पंचवीस ते तीस वर्षे जगतो, आणि त्याची वाढ या आयुष्याच्या मानाने फसवी असते. शिंगरू वर्षाचे होईपर्यंत प्रौढ उंचीच्या सुमारे ९० टक्के उंची गाठते, मात्र त्याचे वजन तोवर प्रौढ वजनाच्या सुमारे दोन-तृतीयांशच झालेले असते. त्यामुळे दीड-दोन वर्षांचा वछेरा पाहणाऱ्याला पुरता घोडा वाटतो, पण त्याचा सांगाडा आतून अपुराच असतो. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचे थर असतात, ज्यांना वाढपट्ट्या म्हणतात आणि ज्यांच्या आधारे हाड लांब होते. या पट्ट्या एकाच वेळी भरत नाहीत. पुढच्या पायाच्या नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या मुख्य हाडाच्या, खालच्या टोकाची पट्टी वर्षाच्या आतच भरते. गुडघ्याच्या वरच्या बाजूची पट्टी भरण्यास साधारण दोन ते अडीच वर्षे लागतात. आणि पाठीच्या मणक्यांच्या पट्ट्या भरून निघण्यास पाच ते सहा वर्षांपर्यंत वेळ जातो. म्हणजे खोगीर ज्या भागावर बसते तोच भाग सर्वांत उशिरा पिकतो. पायांकडे पाहून घोडा तयार झाला असे ठरवणाऱ्याला पाठीची अवस्था दिसत नाही.

दातांची गोष्टही अशीच आहे. समोरच्या दुधाच्या दातांपैकी मधली जोडी सुमारे अडीच वर्षांच्या वयात, तिच्या बाजूची जोडी साडेतीनच्या सुमारास आणि कडेची जोडी साडेचारच्या सुमारास पडून कायमचे दात येतात, आणि पाच वर्षांत तोंड भरते. बाजारातील अदंत, दोन दाती, चार दाती या संज्ञा याच क्रमावर बेतलेल्या आहेत, आणि शालिहोत्राच्या परंपरेतील अश्वग्रंथांतही दातांवरून वय ओळखण्याची रीत तपशिलाने आलेली आहे. या दोन-अडीच वर्षांच्या काळात समोरच्या दातांप्रमाणे दाढांचीही अदलाबदल चालू असते, हिरड्या दुखऱ्या असतात. आणि नेमक्या याच वयात बहुतेक घोड्यांच्या तोंडात पहिल्यांदा लगाम चढतो. लगामाला मान झटकणाऱ्या वछेऱ्याला हट्टी म्हणून मारले जाते तेव्हा अनेकदा तो दुखणे सांगत असतो, ही साधी बाब चाबुकस्वारांपैकी, म्हणजे घोडे फेरून तयार करणाऱ्यांपैकी, जाणत्यांना ठाऊक असते आणि घाईत असलेल्यांना नसते.

एवढ्यावरून असा निष्कर्ष काढणे सोपे आहे की सहा वर्षांचा होईपर्यंत घोड्याला हातच लावू नये, आणि असा आग्रह धरणारे लोक जगभर आहेत. तथापि हाडांविषयीचे संशोधन या निष्कर्षाला पूर्णपणे पाठिंबा देत नाही. हाड हे जिवंत ऊतक असून ज्या दिशेने आणि ज्या जोराने त्यावर ताण येतो त्यानुसार ते स्वतःला घडवत राहते, आणि ही घडण्याची क्षमता कोवळ्या वयात सर्वांत अधिक असते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डेव्हिड न्यूनामेकर यांनी शर्यतीच्या तरुण घोड्यांच्या नळीच्या हाडाला पुढून येणारी सूज आणि ठणका या विकारावर दीर्घकाळ काम केले. त्यांना असे आढळले की लांब अंतराच्या संथ दौडींचा सराव घेतलेल्या घोड्याचे हाड त्या संथ दौडीच्या ताणाप्रमाणे घडते, मग शर्यतीच्या दिवशी भरधाव वेगात येणारा वेगळ्या दिशेचा ताण त्याला झेपत नाही. उलट सरावात अगदी थोड्या अंतराच्या वेगवान दौडी क्रमाने वाढवत नेल्या तर हा विकार कमी होतो. न्यूझीलंडमधील शर्यतीच्या (थरोब्रेड) घोड्यांच्या नोंदींवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांच्या वयातच सराव किंवा शर्यत सुरू केलेल्या घोड्यांची कारकीर्द उशिरा सुरुवात करणाऱ्यांपेक्षा लांबलेली दिसली. मिशिगन स्टेट विद्यापीठातील अलिसा लोगन आणि ब्रायन नीलसन यांनी २०२१ साली अशा संशोधनाचा एकत्रित आढावा घेऊन लहान वयातील हालचाल सांगाड्याला बळकट करते असेच मत मांडले.

या निष्कर्षांचा आधार शर्यतीचे समर्थक वारंवार घेतात, म्हणून त्यांची मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. नोंदींवरून केलेल्या अभ्यासात जे घोडे मुळातच निरोगी आणि लवकर पिकणारे असतात तेच दोन वर्षांच्या वयात मैदानात उतरवले जातात आणि ज्यांचे पाय दुखतात ते मागे ठेवले जातात. तेव्हा लवकर धावल्यामुळे घोडा टिकला की टिकाऊ होता म्हणून लवकर धावला, हे अशा आकड्यांवरून वेगळे करता येत नाही. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. हाडाला लाभ होतो तो हालचालीचा, आणि ही हालचाल कुरणात मोकळे धावणारे शिंगरू आपली आपण करते. पाठीवर माणूस बसवणे, जबड्यात लगाम अडकवणे आणि थकल्यावरही पळवणे हा त्या लाभाचा आवश्यक भाग नाही. याच संशोधनातून पुढे आलेली एक गोष्ट मात्र समर्थक क्वचितच उद्धृत करतात: तरुण घोड्याला दिवसाचे बहुतेक तास तबेल्यात उभे ठेवले तर त्याच्या हाडातील खनिजांचे प्रमाण घटते. कोंडलेला वछेरा आणि अकाली राबवलेला वछेरा ही एकाच हानीची दोन रूपे आहेत, आणि मुंबईसारख्या जागेच्या तुटवड्याच्या शहरात ही दोन्ही रूपे बहुधा एकाच घोड्याच्या वाट्याला येतात, कारण दिवसभर बांधून ठेवलेल्या त्या जनावराला संध्याकाळी एकदम वाजंत्रीपुढे किंवा डांबरी रस्त्यावर नेले जाते.

शर्यतीच्या घोड्याची स्थिती तुलनेने स्पष्ट आहे, कारण त्याच्याविषयी सर्व काही लिहिलेले असते. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबची परंपरा १८०२ सालच्या बॉम्बे टर्फ क्लबपर्यंत मागे जाते. महालक्ष्मीच्या आधी शर्यती भायखळ्याला होत असत आणि एकोणिसाव्या शतकात त्यांत आखातातून आणलेल्या अरबी घोड्यांचा भरणा असे. पुढे थरोब्रेड, म्हणजे इंग्लंडमध्ये खास वेगासाठी पिढ्यानपिढ्या निवडून घडवलेली जात, हिचे पैदास केंद्र पुण्याच्या आसमंतात उभे राहिले. आज भारतात जन्मलेल्या प्रत्येक थरोब्रेडची जन्मतारीख, आईबाप आणि खुणा पुण्याच्या स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडियाकडे नोंदल्या जातात. या घोड्यांचे वय मोजण्याची पद्धत मात्र सोयीची आहे: जन्म कोणत्याही महिन्यातला असो, दर १ जानेवारीला घोड्याचे वय एक वर्षाने वाढले असे मानले जाते. एप्रिलमध्ये जन्मलेले शिंगरू जेव्हा कागदोपत्री दोन वर्षांचे होते तेव्हा ते प्रत्यक्षात वीस महिन्यांचे असते, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच महालक्ष्मीला दोन वर्षांच्या घोड्यांच्या वार्षिक लिलावात ते उभे राहू शकते.

याच हिशेबाची दुसरी बाजूही न्यायाने नोंदवली पाहिजे. १९४३ पासून चालू असलेली इंडियन डर्बी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीला २४०० मीटरवर धावली जाते आणि ती चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते. एप्रिलमध्ये जन्मलेला घोडा तेव्हा सुमारे सेहेचाळीस महिन्यांचा असतो. इंग्लंडमधील एप्समची मूळ डर्बी तीन वर्षांच्या घोड्यांसाठी जूनच्या सुरुवातीला होते, म्हणजे तिथला तशाच जन्माचा घोडा अडतीस महिन्यांच्या आसपास असतो. भारतातील सर्वोच्च शर्यत घोड्याला आठ महिने अधिक देते, ही जमेची बाब आहे. ऑस्ट्रेलियातील गोल्डन स्लिपर ही मोठ्या बक्षिसाची शर्यत तर दोन वर्षांच्या घोड्यांसाठीच आहे, आणि अमेरिकेत दोन वर्षांच्या घोड्यांच्या काही लिलावांत गिऱ्हाइकांसमोर त्यांना एक फर्लांग शक्य तितक्या वेगाने पळवून दाखवले जाते, कारण घड्याळावरील सेकंदाच्या अंशावर किंमत ठरते. ज्या वयात पाठीचा कणा अर्धवट आहे त्या वयात पूर्ण वेगाची परीक्षा घेण्याचे कारण वैद्यकीय नसून निव्वळ व्यापारी आहे: पैदास करणाऱ्याला घोडा पोसण्याचा खर्च लवकर वसूल करायचा असतो आणि घेणाऱ्याला बक्षिसाची वाट पाहायची नसते. महालक्ष्मीला दोन वर्षांच्या घोड्यांवरचा भर कमी ठेवून मोठी बक्षिसे तीन-चार वर्षांच्या पुढे नेण्याची जी रचना आहे ती या दृष्टीने जपण्याजोगी आहे, आणि तिला आणखी पुढे ढकलण्यास वाव आहे.

महालक्ष्मीच्या बाहेर पडताच हा सगळा कागद संपतो. दादर, परळ, लालबागच्या गल्ल्यांतून निघणाऱ्या वरातीतील नवरदेवाचा घोडा, बग्गीला जुंपलेली जोडी, किंवा गिरगाव चौपाटीवर अनेक दशके मुलांना फिरवणारी तट्टे यांच्यापैकी बहुतेकांची जन्मतारीख कोणत्याही वहीत नसते. हे घोडे बहुधा जत्रांच्या बाजारांतून येतात. तापीकाठी नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या यात्रेत, दत्तजयंतीपासून भरणारा घोडेबाजार हा त्यांतील सर्वांत नामांकित. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही घोड्यांची खरेदी-विक्री होते. सारंगखेड्याला मारवाडी, काठेवाडी, पंजाबी आणि पांढऱ्या नुकरा घोड्यांसाठी गिऱ्हाइके दूरवरून येतात आणि पंचकल्याणी, देवमण अशा रंगखुणांना आणि भोवऱ्यांना, रवाल चालीला आणि अंगलटीला किंमत मिळते. जाणता व्यापारी घोड्याचे ओठ उचलून दात पाहतो, परंतु ते पाहणे वयाच्या संरक्षणासाठी नसून भावासाठी असते. अदंत वछेरा स्वस्त मिळतो, त्याला घरी वाढवून व चाल शिकवून अधिक किमतीला विकता येते, म्हणून शिंगरांना मागणी असते. आणि गिऱ्हाईक आकर्षित करण्यासाठी त्याच कोवळ्या वयात त्यांना सजवून, नाचवून, स्वार बसवून दाखवले जाते.

या नाचण्याकडे थोडे थांबून पाहणे गरजेचे आहे. ढोलाच्या ठेक्यावर पुढचे पाय उचलून मागच्या पायांवर तोल घेणारा घोडा वरातीत लोकांना फार आवडतो, आणि तो शिकवण्याची सुरुवात लहानपणीच करावी, मोठेपणी घोडा वळत नाही, असा समज आहे. मागच्या दोन पायांवर शरीराचा सगळा भार घेण्याचा ताण घोट्यांसारख्या मागच्या सांध्यांवर आणि कमरेच्या मणक्यांवर येतो, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे सर्वांत उशिरा पिकणाऱ्या भागावर. त्यात मुंबईच्या काँक्रीटच्या रस्त्याचा आघात, पाठीवर जरीच्या खोगिरासह बसलेला प्रौढ माणूस, कानाशी बँड आणि पायाशी फटाके असे सर्व एकत्र येते. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. पळण्याची वाट बंद करून त्याला भीतीत उभे राहण्याची सवय लावणे हे प्रौढ घोड्यालाही कठीण, मग दोन वर्षांच्या वछेऱ्याला किती कठीण असेल याचा विचार वरात ठरवणाऱ्या घरांनी अवश्य करावा.

विक्रीच्या वयाचा प्रश्न कामाच्या वयाहून वेगळा असून त्याच्याकडे आणखी कमी लक्ष गेले आहे. मोकळ्या कळपात घोडी आपल्या शिंगराला ते नऊ-दहा महिन्यांचे झाल्यावर, बहुधा पुढच्या विण्याच्या सुमारास, हळूहळू तोडते. पाळीव घोड्यांत मात्र हे काम माणूस चार ते सहा महिन्यांतच एकदम उरकतो. ब्रिटनमध्ये सव्वादोनशेच्या आसपास तरुण घोड्यांवर चार वर्षे निरीक्षण करून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की आईपासून तोडून तबेल्यात कोंडलेल्या शिंगरांना लाकूड कुरतडणे, हवा गिळणे, एकाच जागी डोलणे अशा विकृत सवयी अधिक प्रमाणात जडतात. या सवयी आयुष्यभर सुटत नाहीत आणि त्यांचा संबंध पोटाच्या व्रणांशीही असतो. आईपासून ताटातूट, अनोळखी जनावरांची गर्दी, ट्रकमधला लांबचा प्रवास आणि नवे चारापाणी हे सगळे काही दिवसांत शिंगरावर येऊन पडते तेव्हा त्याची रोगप्रतिकारशक्तीही ढासळते. घशाच्या गाठी सुजून पिकणारा स्ट्रँगल्स हा जिवाणूजन्य आजार म्हणूनच बाजारांनंतर तरुण घोड्यांत दिसतो. ग्लँडर्स हा माणसालाही होऊ शकणारा घातक रोग तर अशा गर्दीतून पसरू शकतो, आणि तो आढळल्यास कायद्याने घोडा नष्ट करावा लागतो.

कायद्याचा विचार करता भारतात आधार मुळीच नाही असे नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११व्या कलमात वय, रोग किंवा जखम यांमुळे कामास अयोग्य असलेल्या जनावरास कामाला लावणे हा गुन्हा ठरवला आहे, आणि त्यात वयाचा उल्लेख स्वतंत्रपणे आला आहे. परंतु हे कलम सहसा म्हाताऱ्या जनावरांच्या संदर्भात वाचले जाते. कोणत्या वयाखालचा घोडा अयोग्य मानावा हे कायदा सांगत नाही, आणि पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड असल्याने कोणी त्याची धास्तीही घेत नाही. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या नियमांत तट्टूच्या पाठीवर ७० किलोंहून अधिक भार नसावा, दिवसात नऊ तासांहून अधिक काम नसावे, ३७ अंशांहून अधिक तापमान असताना दुपारी बारा ते तीन काम घेऊ नये अशी तपशीलवार बंधने आहेत. तथापि त्या भाराच्या तक्त्यात वयाचा रकानाच नाही, म्हणजे दोन वर्षांचे तट्टू आणि आठ वर्षांचे तट्टू नियमापुढे सारखेच. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये रपेटीच्या व्हिक्टोरिया गाड्या बंद करण्याचा जो निर्णय दिला तो या शहराच्या इतिहासातला घोड्याच्या बाजूने पडलेला सर्वांत मोठा निर्णय होय. त्यात परवान्याविना चालणारे तबेले, अस्वच्छता आणि जनावरांचे हाल यांचा विचार झाला, आणि गाडीवानांच्या पुनर्वसनाची जबाबदारीही शासनावर टाकली गेली. कोवळ्या वयाचा प्रश्न मात्र तेथे केंद्रस्थानी नव्हता.

इतर ठिकाणी वयाचा आकडा स्पष्टपणे लिहिण्याची रीत आहे. इंग्लंडमध्ये भाड्याने स्वारीसाठी द्यावयाचा घोडा तीन वर्षांचा किंवा त्याहून लहान असता कामा नये असा परवान्याचा नियम आहे, आणि ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाज, म्हणजे शिकवलेल्या चालींच्या स्पर्धेसाठी किमान आठ व अडथळ्यांच्या उडीसाठी किमान नऊ वर्षांची अट आहे. दाखल्यासाठी इतके दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. परळच्या हाफकिन संस्थेची परंपरा ज्या सर्पविषप्रतिबंधक लसीशी जोडलेली आहे ती लस घोड्याच्या रक्तापासून तयार होते, आणि अशा कामासाठी सामान्यतः तीन ते दहा वर्षांचे घोडे घ्यावेत असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. औषधासाठी घोड्याचे रक्त घेताना ज्या किमान वयाचा विचार होतो, तो त्याच परळमध्ये वरातीचा घोडा ठरवताना होत नाही.

म्हणून कोणत्या वयाला घोडा पिकतो हा वाद शास्त्रज्ञांमध्ये पुढेही चालू राहिला तरी दोन गोष्टींवर एकमत होण्यास अडचण नसावी. पहिली अशी की भाड्याच्या स्वारीला, वरातीला आणि गाडीला चार वर्षांखालचा घोडा नको. दातांच्या भाषेत ढोबळमानाने सांगायचे तर किमान चार दाती घोडाच घ्यावा, म्हणजे ही अट कागद नसलेल्या घोड्यालाही जागच्या जागी लावता येते आणि तपासणाऱ्याला केवळ तोंड उघडून पाहावे लागते. दुसरी अशी की चार वर्षांखालच्या घोड्याला रोज काही तास मोकळी हालचाल मिळावी, जी मुंबईच्या तबेल्यात शक्य नसेल तर असा घोडा शहरात आणूच नये. हा भार एकट्या घोडेवाल्यांवर टाकणे अन्यायाचे होईल, कारण त्यांतील पुष्कळजण कर्जावर घोडा घेतात आणि दोन वर्षे त्याला नुसती चंदी चारण्याची त्यांची ऐपत नसते. वयाची अट घातली तर चार दाती घोड्यासाठी सवलतीचे कर्ज किंवा विमा हाही तिचाच भाग असला पाहिजे.

देशात घोड्यांची संख्या झपाट्याने कमी होत आहे. २०१२ च्या पशुगणनेत घोडे व तट्टे मिळून सव्वासहा लाखांच्या घरात होती, ती २०१९ च्या गणनेत साडेतीन लाखांच्याही खाली आली. संख्या घटत असताना प्रत्येक घोड्याची नोंद ठेवणे अधिक सोपे होते. थरोब्रेडच्या मानेत बसवली जाणारी मायक्रोचिप, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी ओळखपट्टी, आता महाग राहिलेली नाही. सारंगखेडा किंवा माळेगावच्या बाजारात ग्लँडर्सच्या तपासणीसाठी रक्त घेताना त्याच वेळी दात पाहून वय लिहिता येईल आणि ती चिप बसवता येईल, आणि पुढे मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याखाली तबेल्याचा परवाना देताना ती नोंद मागता येईल. शर्यतीतून बाहेर पडलेल्या घोड्यांचाही माग त्यामुळे राहील, कारण दोन-तीन वर्षांच्या वयात मैदानावर अयशस्वी ठरलेला थरोब्रेड पुढे कोणाच्या हाती जातो आणि कोणत्या कामाला लागतो हे आज बहुधा कोणी विचारत नाही, आणि त्याची जन्मतारीख पुण्याच्या वहीत असूनही नव्या मालकाच्या तबेल्यात तिचा उपयोग होत नाही.